थट्टा संघाची, की जन्माची?

२७ एप्रिल २०२५, रविवारची रात्र. तिकडे इंग्लंडात लिव्हरपूलने टॉटनहॅमला पाच विरुद्ध एक असे लोळवले आणि आपले विसावे लीग विजेतेपद पक्के केले. याचा नांदेडच्या एका वकिलाच्या घराशी काय संबंध, असे वाचक विचारतील. संबंध असा, की आमचा मुलगा मॅन्चेस्टर युनायटेडचा कट्टर चाहता आणि लातूरला नीटच्या क्लाससाठी राहिलेला आमचा भाचा लिव्हरपूलचा. भाच्याची परीक्षा चार मेला, म्हणजे अवघ्या एका आठवड्यावर. तरी रात्री अकराला त्याचा फोन आला आणि दोघांची जुंपली. युनायटेडची विजेतेपदे वीस, शेवटचे २०१३ चे. आता लिव्हरपूलचीही वीस झाली होती. भाचा म्हणाला, "वीस-वीस झाले की रे! आता काय सांगणार?" आमच्या चिरंजीवांनी उत्तर दिले, "तुमचं सगळं उशिराच येतं. लातूरला पाणी रेल्वेनं आलं आणि लिव्हरपूलला कप तीस वर्षांनी." भाचा क्षणभर गप्प. मग म्हणाला, "आमची रेल्वे आली तरी बाबा. तुमची २०१३ पासून स्टेशनातच उभी आहे!"

आम्ही वर्तमानपत्र तोंडासमोर धरून हसत होतो. बहिणीचा दुसऱ्या दिवशी फोन आला, तिने मात्र आम्हालाच झापले. "दादा, तुम्ही मामा असून पोराला अभ्यासाचं सांगत नाही." असो.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. १९९० नंतर लिव्हरपूलला लीगचे विजेतेपद मिळायला २०२० साल उजाडावे लागले होते. आणि लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेच्या टाक्यांतून पाणी आणावे लागले, हे आपण सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिले. मांजरा धरण कोरडे पडले होते आणि गोदाकाठच्या नांदेडकरांना कुत्सित हसायला विषय मिळाला होता. पोरांनी दोन्ही गोष्टी एका दोरीत ओवल्या. इंग्रजीत याला बँटर म्हणतात, हे आम्हाला भाच्यानेच सांगितले. समोरच्याला चिमटा काढायचा, तो चिडला तर आपण जिंकलो, आणि त्याने त्याहून झोंबरा चिमटा परत काढला तर तो जिंकला. आमच्या पिढीत याला फिरकी घेणे म्हणत.

नांदेड आणि लातूर यांच्यात फिरकी घ्यायला विषयांचा तोटा कधीच नव्हता. दोन्ही गावांनी राज्याला दोन-दोन मुख्यमंत्री दिले. इकडे शंकरराव आणि अशोकराव चव्हाण, तिकडे शिवाजीराव निलंगेकर आणि विलासराव देशमुख. त्यामुळे कोणाचा मुख्यमंत्री मोठा, हा वाद दोन्ही बार रूममध्ये चहाबरोबर चालतो. २००९ मध्ये महसूल आयुक्तालय नांदेडला करण्याचा निर्णय झाला तेव्हा लातूरकर रस्त्यावर उतरले. २०१७ मध्ये लातूर-मुंबई रेल्वे बिदरपर्यंत वाढवली तेव्हा लातूरकर पुन्हा चिडले आणि आमच्याकडच्या वकिलांनी त्यांना फोन करून 'जागा मिळाली का?' असे मुद्दाम विचारले. आम्ही स्वतः लातूरच्या कोर्टात तारखेला गेलो की तिथले एक ज्येष्ठ वकील आमचे स्वागतच टोमण्याने करतात. "या नांदेडकर, शिकायला पोरं आमच्याकडे पाठवता आणि आयुक्तालय तुमच्याकडे मागता!" लातूर पॅटर्नचा हा टोमणा खरा असल्यामुळे जास्त लागतो. आम्ही त्यांना एवढेच म्हणतो, "साहेब, १९८२ पर्यंत तुम्ही उस्मानाबाद जिल्ह्यातले एक तालुक्याचे गाव होता, विसरू नका." मग ते चहा सांगतात.

पण एक गोष्ट आम्ही आजवर कधीच ऐकली नाही. नांदेडच्या कितीही आगाऊ माणसाने लातूरकराला किल्लारीवरून चिमटा काढलेला ऐकला नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या त्या भूकंपात हजारो माणसे झोपेतच गेली. पाण्याच्या टंचाईवर हसता येते, भूकंपावर नाही, हे कोणी शिकवले? कोणत्या कायद्यात लिहिले आहे? कुठेही नाही. तरी प्रत्येक टवाळाला ते कळते. म्हणजे थट्टा कुठे थांबते याची रेषा आपल्या समाजाच्या मनात आहे, नाही असे नाही. मग ती रेषा सोयीने पुसली जाते ती नेमकी कुठे, हा आजचा मुद्दा आहे. तो आमच्यासमोर पुस्तकातून आला नाही, भाच्याच्या तोंडून आला.

नीट झाली. भाचा आपल्या गावी, लातूर जिल्ह्यात, सुटीला गेला. गावाचे नाव आम्ही लिहीत नाही. मे महिन्यात शेजारच्या गावात टेनिस बॉल क्रिकेटची स्पर्धा होती. आमच्याकडे अशा स्पर्धांत खेळापेक्षा कॉमेंट्री ऐकायला लोक जास्त येतात. लिंबाखाली टेबल, त्यावर माईक, झाडाला कर्णा, आणि माईकवर गावातला एखादा बोलभांड पोरगा. तो प्रत्येक चेंडूवर काही ना काही सोडतो. चौकार गेला की "चेंडू सोयाबीनमध्ये, मालकानं बांधावर यावं," झेल सुटला की "हाताला लोणी लावून आलाय, घरी भाकरी नव्हती का?" असे. यात वाईट काही नाही. आम्हीही तरुणपणी याच माईकवर बसलो आहोत आणि शिव्या खाल्ल्या आहेत.

भाच्याचा संघ म्हणजे आपल्या वस्तीतला संघ. सलामीचा फलंदाज पोलीस भरतीची तयारी करणारा, रोज पहाटे धावणारा पोरगा. तो सहा धावांवर यष्टिचीत झाला. माईकवरून आवाज आला, "इथं सवलतीच्या धावा मिळत नसतात, पळून काढाव्या लागतात!" मैदान हसले. पुढचा गडी बाद झाला तेव्हा, "आरक्षित जागा रिकामी झाली, पुढच्या उमेदवारानं यावं." पुन्हा हशा. त्यानंतर प्रेक्षकांतून कोणीतरी जातीचे नाव घेऊन ओरडले, तेही माईकवाल्याने हसून ऐकले आणि पुढच्या षटकाकडे वळला.

भाचा नांदेडला आला तेव्हा जेवताना त्याने हे सांगितले आणि विचारले, "मामा, हे बँटरच का?"

आम्ही घास हातातच ठेवून त्याला विचारले, तुम्ही काय केले? तो म्हणाला, "काही नाही. आम्ही पण हसलो." मग थोडे थांबून, "बाद झालेला तो पण हसला, मामा."

हे हसणे आम्हाला चांगले ठाऊक आहे. कॉलेजच्या वसतिगृहात शिष्यवृत्ती जमा झाली की 'आज सरकारी जावई पार्टी देणार' असे म्हणणारे मित्र होते, आणि आम्ही त्यांना खरोखरच चहा पाजून हसत होतो. नाही हसलो तर 'यांना गंमत कळत नाही, हे लगेच चिडतात, यांच्याशी बोलायची चोरी' हा दुसरा शिक्का तयारच असतो. थट्टा सहन केली तर एक अपमान, नाही केली तर दुसरा.

आम्ही भाच्याला म्हणालो, अरे, तू लिव्हरपूलवाला, जिभेला धार असलेला. तुम्ही परत का नाही बोललात? बोलायला काहीच नव्हते का? तो म्हणाला, होते की. माईकवाल्याच्या गावाचा संघ आदल्या वर्षी पहिल्याच फेरीत बाहेर पडला होता, तोही याच पोरांकडून. हाती तयार उत्तर होते. "पण मामा, सामना संपल्यावर आम्हाला त्याच रस्त्यानं घरी यायचं होतं. सात किलोमीटर. तीन मोटारसायकली."

वाचकहो, या एका वाक्यात आमचे सगळे कायद्याचे ज्ञान बसते. नांदेडशेजारच्या बोंढार हवेलीत १ जून २०२३ रोजी एका भीमसैनिक तरुणाचा खून झाला. गावात भीमजयंतीची मिरवणूक काढल्याच्या रागातून तो झाला, अशी फिर्याद आहे. २०१५ मध्ये शिर्डीत एका तरुणाच्या मोबाईलची रिंगटोन बाबासाहेबांच्या गाण्याची होती म्हणून वाद झाला आणि त्याचा जीव गेला. ज्या मुलखात रिंगटोन महागात पडते, तिथे माईकवाल्याला प्रत्युत्तर द्यायचे की नाही याचा हिशेब पोरगा मनात एका सेकंदात करतो. थट्टेला थट्टेने उत्तर देऊन माणूस सुखरूप घरी पोहोचत असेल तरच ती थट्टा. नाहीतर ती एकाने करायची आणि दुसऱ्याने झेलायची गोष्ट झाली, आणि तिला आपल्या भाषेत वेगळी नावे आहेत.

आता इंग्लंडची गोष्ट, कारण 'तिकडे तर याहून वाईट बोलतात' हे आयोजकांनी नंतर आम्हाला ऐकवले. वाईट बोलतात हे खरे. पण काय बोलतात ते पाहावे. मॅन्चेस्टर शहरात दोन संघ, युनायटेड आणि सिटी. सिटीने १९७६ नंतर एकही मोठा चषक जिंकला नव्हता. युनायटेडच्या चाहत्यांनी आपल्या मैदानात एक फलकच लावला, त्यावर शेजाऱ्याला चषकाविना किती वर्षे झाली तो आकडा. दरवर्षी आकडा एकाने वाढवायचा. सिटीवाले प्रत्येक वेळी तो पाहायचे आणि दात ओठ खायचे. २००९ मध्ये युनायटेडचा एक खेळाडू सिटीकडे गेला तेव्हा सिटीने भर शहरात त्याचा मोठा फलक लावून त्याचे 'मॅन्चेस्टरमध्ये स्वागत' केले. मेख अशी, की युनायटेडचे मैदान शहराच्या हद्दीबाहेर ट्रॅफर्ड भागात येते. म्हणजे तुम्ही मुळात मॅन्चेस्टरचेच नाही! (आमचे 'उस्मानाबादचा तालुका' याच जातकुळीचे.) २०११ मध्ये सिटीने एफए कप जिंकला, तो आकड्याचा फलक उतरवावा लागला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सिटीने युनायटेडला त्यांच्याच मैदानावर सहा विरुद्ध एक असे हरवले. पस्तीस वर्षांची परतफेड एका दुपारी. याला आम्ही थट्टा म्हणू. ती संघाच्या रिकाम्या कपाटाची आहे, हरलेल्या सामन्याची आहे. कपाट उद्या भरू शकते. जन्म बदलता येत नाही.

ही गाणी ते कुठून आणतात, हेही पाहण्यासारखे आहे. चर्चमधल्या जुन्या वेल्श प्रार्थनेच्या चालीवर हजारो लोक समोरच्या हरणाऱ्या संघाला 'आता का बरे गाणे बंद?' अशा अर्थाचे विचारतात. आपल्या लोकांना यात नवल वाटायचे कारण नाही. सिनेमाच्या चालीवर भीमगीत बांधणारे आपलेच शाहीर. आणि प्रतिस्पर्ध्याला भर मंचावर डिवचणे तर आपल्याकडे कलेच्या पदाला पोहोचले होते. कलगी-तुऱ्याचे सवाल-जवाब, पुढे भीमजयंतीच्या रात्री रंगणारे कव्वालीचे मुकाबले. दोन पार्ट्या समोरासमोर, एकीने दुसरीच्या आवाजाची, पेटीची, कोरसमध्ये डुलक्या घेणाऱ्याची टर उडवायची, दुसरीने पुढच्याच कडव्यात व्याजासह परत करायची. पहाटे दोघे एकाच कढईतले पोहे खायचे. आम्ही लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून हे ऐकले आहे. तेव्हा गंमत कळत नाही हा आरोप आमच्या समाजावर करणाऱ्याने आधी एक मुकाबला ऐकावा.

कोल्हापूरकरही यातले जाणकार. तिथे तालमींचे फुटबॉल संघ आहेत, पाटाकडील, दिलबहार, प्रॅक्टिस क्लब, शिवाजी तरुण मंडळ. शाहू स्टेडियमवर हजारोंनी लोक येतात, पेठ पेठेला डिवचते. कधी प्रकरण हातघाईवर जाते, दगडही पडतात, पोलीस केस होते. फुटबॉल म्हणजे साधुसंतांचा खेळ, असा आमचा दावा नाही. पण पेठ ही आपण निवडलेली निष्ठा असते, निदान तिच्यात वर-खाली नसते.

इंग्लंडच्या मैदानांवर मात्र दीर्घकाळ काळ्या खेळाडूंना माकडाचे आवाज काढून चिडवले जाई, आणि तेही गमतीच्याच नावाखाली खपत असे. १९८८ मध्ये लिव्हरपूलचा जॉन बार्न्स एव्हर्टनच्या मैदानावर खेळत असताना त्याच्याकडे केळे फेकले गेले. त्याने ते टाचेने बाजूला सारले, त्याचे छायाचित्र जगभर गाजले. त्याने टाच मारली याचे कौतुक सगळ्यांनी केले, फेकणाऱ्याला पकडा असे म्हणणारे तेव्हा थोडे होते. १९९१ मध्ये तिथे फुटबॉल गुन्ह्यांचा कायदा आला आणि मैदानात वंशद्वेषी घोषणा देणे गुन्हा ठरले. पण कायद्याला पळवाट होती. एकापेक्षा जास्त लोकांनी मिळून घोषणा दिली तरच गुन्हा. एकटाच ओरडला तर सुटला! ती पळवाट १९९९ मध्ये बुजवली. म्हणजे एका ओळीची दुरुस्ती करायला आठ वर्षे गेली, आणि तरीही २०२१ च्या युरो चषकाच्या अंतिम सामन्यात पेनल्टी हुकलेल्या तीन काळ्या तरुण खेळाडूंना देशभरातून शिव्या खाव्या लागल्या. कायद्याने सगळे सुटते असे आम्ही वकील असूनही म्हणणार नाही.

तिथली आणखी एक घटना आम्हाला महत्त्वाची वाटते. १९८९ मध्ये हिल्सबरोच्या मैदानात चेंगराचेंगरी होऊन लिव्हरपूलचे ९७ चाहते गेले. युनायटेडचे खेळाडू १९५८ च्या म्युनिक विमान अपघातात गेले होते. या दोन्ही शोकांतिकांवरून एकमेकांना डिवचणारे करंटे तिकडे आहेत. २०२३ च्या एफए कप अंतिम सामन्याला एक माणूस हिल्सबरोच्या मृतांची खिल्ली उडवणारा सदरा घालून आला. त्याने तोंडाने एक शब्दही उच्चारला नव्हता. त्याच्यावर खटला झाला, त्याने गुन्हा कबूल केला, दंड भरला आणि चार वर्षे फुटबॉलच्या मैदानावर जायला त्याला बंदी झाली. तेव्हा 'तिकडे चालते' म्हणणाऱ्यांनी तिकडे काय चालत नाही तेही माहीत करून घ्यावे.

आणि आपल्याकडे? टोकियो ऑलिंपिकमध्ये वंदना कटारियाने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल केले. ऑलिंपिक हॉकीत हॅटट्रिक करणारी ती पहिली भारतीय महिला. चारच दिवसांनी, ४ ऑगस्ट २०२१ रोजी, भारत अर्जेंटिनाकडून उपांत्य सामना हरला तेव्हा हरिद्वारजवळच्या तिच्या रोशनाबाद गावात घरासमोर फटाके फोडले गेले आणि जातीवरून शिवीगाळ झाली, अशी तक्रार तिच्या कुटुंबाला करावी लागली. स्वतःचा देश हरल्याचा आनंद! जगातल्या कोणत्याही संघाच्या चाहत्याने असे केलेले ऐकिवात नाही. क्रिकेटपटू युवराज सिंग यांनी २०२० मध्ये इन्स्टाग्रामवरच्या गप्पांत एका सहकाऱ्याबद्दल बोलताना हसत हसत एका जातीचे नाव शिवीसारखे वापरले. टीका झाल्यावर त्यांनी खेद व्यक्त केला. हरियाणात गुन्हा नोंद झाला आणि २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने तो पूर्णपणे रद्द करायला नकार दिला. तो सहकारी त्या जातीचा नव्हता, हा मुद्दा अनेकांनी बचावासाठी मांडला. आमच्या मते तोच मोठा पुरावा आहे. ज्याला चिडवायचे त्याला आमच्या जातीचे नाव दिले की काम झाले, इतके ते नाव यांच्या तोंडी शिवी होऊन बसले आहे.

कायद्याचे म्हणाल तर १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात हे सगळे आहे. अनुसूचित जातीच्या माणसाला लोकांच्या नजरेसमोर, अवमान करण्याच्या हेतूने अपमानित करणे हा गुन्हा. २०१५ ची दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली, तेव्हापासून तो कलम ३(१)(आर) मध्ये आहे, आणि जातीचे नाव घेऊन शिवीगाळ करणे (एस) मध्ये. शिक्षा सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत. 'लोकांच्या नजरेसमोर' म्हणजे काय यावर सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्वरणसिंग प्रकरणात खुलासा केला. कर्ण्यावरून अख्ख्या मैदानाला ऐकू जाणारे बोलणे त्यात बसते की नाही, हे सांगायला वकील लागत नाही. प्रेक्षकांतून ओरडला त्याचा विषय सरळ आहे.

माईकवाल्याचा विषय मात्र अवघड. त्याने जातीचे नाव घेतलेच नाही. 'सवलत' म्हणाला, 'आरक्षित जागा' म्हणाला. ऐकणाऱ्या प्रत्येकाला कळले, फक्त फिर्यादीच्या कागदावर ते सिद्ध करायचे कसे? ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात म्हटले आहे, की अनुसूचित जातीच्या व्यक्तीचा नुसता अपमान पुरेसा नाही, तो जातीच्या कारणाने करण्याचा हेतू दिसला पाहिजे. आरोपीचा वकील उभा राहून म्हणणार, 'माय लॉर्ड, ही गंमत होती.' आणि साक्षीला कोण येणार? त्या गावातला, हसलेल्यांपैकी कोणी? जात शिवीतून उतरून 'मेरिट', 'सवलत', 'कोटा' या सुशिक्षित शब्दांत कशी शिरली, हे माईकवाल्या पोराने आम्हाला दोन षटकांत शिकवले. तो बी. ए. झालेला आहे, असे नंतर कळले.

आणखी एक चटका. फिर्याद द्यायची तर जातीचा दाखला लागतो. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती आणि संरक्षण मिळते, पण दाखल्यावर पूर्वीची जात लिहिलेली असते. जे नाव आपल्या आजोबांनी १४ ऑक्टोबर १९५६ नंतर टाकून दिले, तेच नाव, त्या नावाने शिवी दिली म्हणून तक्रार करताना, पोराला स्वतःच्या हाताने लिहावे लागते. आम्ही वीस वर्षे अशा फिर्यादी लिहितो आहोत, तरी तिथे आल्यावर पेन अडखळते.

आम्ही लातूरला तारखेच्या दिवशी पुढे त्या गावी गेलो. सोबत वस्तीतले दोन वयस्कर बौद्धाचार्य. आयोजकांनी खुर्च्या दिल्या, पाणी दिले. चहा आला. तोही सगळ्यांना सारख्याच कपात आला, हे नोंदवायला हवे. बाळू पालवणकरांच्या काळी तसे नव्हते. चर्मकार समाजातल्या या थोर गोलंदाजाने १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले, पण त्याआधी पुण्यात खेळताना चहाच्या सुटीत त्यांना तंबूबाहेर मातीच्या भांड्यात वेगळा चहा मिळत असे. त्यांचा चेंडू हवा होता, कप नको होता. गंमत म्हणजे १९३७ च्या मुंबई विधानसभा निवडणुकीत हेच बाळू काँग्रेसतर्फे बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि हरले. समोरासमोर लढत झाली ती दोघांच्याही बरोबरीच्या नागरिकत्वावर, कोणाचा कप वेगळा नव्हता.

तर चहा सारखा आला. पण बोलणे सुरू झाले तेव्हा, "वकीलसाहेब, खेळात एवढं चालतंच की. आमची पोरं काय वाईट आहेत? तुमचीच पोरं हसत होती." आम्ही म्हणालो, तुमच्या शेजारच्या गावात किल्लारीच्या भूकंपात कोणाची माणसे गेली असतील, तर त्यावरून माईकवर एक विनोद होऊ द्या. सगळे गप्प झाले. एक म्हातारे गृहस्थ तर उठूनच गेले. त्यांची बहीण त्या रात्री गेली होती, असे मागाहून समजले, आणि आमचे आम्हालाच वाईट वाटले. मुद्दा सिद्ध करायच्या भरात आम्हीही रेषा ओलांडली होती. आम्ही त्यांच्या घरी जाऊन क्षमा मागितली. ते म्हणाले, "तुम्ही बोललात ते बरोबरच हाय. पण नका बोलू."

माईकवाला पोरगा बोलावूनही आला नाही. त्याने निरोप धाडला, की मी कोणाचे नाव घेतलेले नाही.

फलंदाज पोराच्या नावाने आम्ही फिर्याद लिहून तयार ठेवली. त्याने सही केली नाही. पोलीस भरतीची मैदानी चाचणी तोंडावर होती, कोर्टाच्या फेऱ्यांत वर्ष जाईल, आणि ज्या ठाण्यात फिर्याद द्यायची तिथेच उद्या चारित्र्य पडताळणी होणार, ही त्याची भीती. ती खोटी आहे असे आम्ही त्याला सांगू शकलो नाही. बाहेरगावचे लोक अशा वेळी 'तुम्ही समाजासाठी लढले पाहिजे' असे म्हणतात. आम्ही नाही म्हणालो. सही त्याची आहे. कागद आमच्या फायलीत आहे.

भाच्याने मात्र आमच्यावर एक डाव टाकला. म्हणाला, "मामा, तुम्ही कोर्टात भांडता ते ठीक. पण आम्हाला मैदानात बोलायला शिकवा." तेव्हापासून आमच्या व्हरांड्यात त्याची आणि आमच्या मुलाची शिकवणी चालते. नियम दोघांनीच केले. संघावर बोलायचे, धावफलकावर बोलायचे, कपड्यांवर, बुटावर, मिशीवर बोलायचे. आई-बहीण नाही, जात नाही, कोणाच्या मयतावर नाही. समोरच्याने यातले काही काढले तर हसायचे नाही. उत्तर नाही दिले तरी चालेल, फक्त हसायचे नाही. हा शेवटचा नियम आमचा.

यंदाच्या स्पर्धेचे पत्रक फेब्रुवारीत आले. पहिले बक्षीस एकवीस हजार, षटके आठ, पंचांचा निर्णय अंतिम. तळाशी बारीक अक्षरात एक नवी ओळ होती, 'कॉमेंट्री फक्त खेळावर होईल.' माईकवर कोण बसणार ते लिहिलेले नाही. जायचे की नाही यावर वस्तीत दोन गट पडलेत. भरतीवाला पोरगा जायचे म्हणतो. प्रवेश फी अकराशे रुपये आहे, कालपर्यंत सातशे जमले होते.